'हार्ड ग्राफ्ट' म्हणजे मेहनत, लाच की आंब्याचं कलम?

प्रश्न असा आहे: ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीच्या टीमला लंडनच्या क्लायंटचा मेल आला, 'थँक्स फॉर ऑल द हार्ड ग्राफ्ट ऑन द मायग्रेशन.' टीममधल्या काहींच्या पोटात गोळा आला, कारण पेपरात 'ग्राफ्ट केस' म्हणजे लाचखोरीचं प्रकरण. एकानं सांगितलं, आमच्याकडे दापोलीला नर्सरीत ग्राफ्ट म्हणजे कलम. मग नेमका अर्थ काय, हा शब्द आला कुठून, मराठीत त्याला काय म्हणायचं आणि मेलला उत्तर काय द्यायचं?

आधी काळजी मिटवतो. क्लायंटनं कौतुक केलंय, तेही मनापासून. ब्रिटिश इंग्रजीत 'हार्ड ग्राफ्ट' म्हणजे चिकाटीनं, अंग मोडून केलेलं काम. त्यात हुशारीपेक्षा खपण्याचं कौतुक जास्त असतं. रात्री जागून डेटा हलवला, तीच तपासणी दहादा केली, कंटाळवाणं काम तडीला नेलं, अशा कामाला ब्रिटिश माणूस 'ग्राफ्ट' म्हणतो. झटक्यात सुचलेल्या युक्तीला तो 'ग्राफ्ट' म्हणणार नाही. शब्द घरगुती आहे, आपुलकीचा आहे, पण औपचारिक नाही. वार्षिक अहवालात तो शोभत नाही. मेलमध्ये, चहाच्या टेबलावर, खेळाच्या बातमीत चालतो.

तरी टीममधल्या ज्यांना शंका आली, त्यांचंही चुकलं नाही. इंग्रजीत 'ग्राफ्ट' या एकाच स्पेलिंगखाली निदान दोन वेगळे शब्द राहतात. एक मातीत खणण्यातून आला, दुसरा लेखणीतून. लाचेचा अर्थ त्या दोघांपैकी कुणाचा वारस, यावर कोशकारांमध्ये मतभेद आहेत. एकेक वेगळा करून पाहिला की गोंधळ उरत नाही.

मेहनतीचा 'ग्राफ्ट' घेऊ. इंग्लंडमध्ये माती खणणाऱ्यांच्या भाषेत 'ग्राफ्ट' म्हणजे फावड्याच्या एका दमात निघेल एवढी माती, म्हणजेच पात्याच्या लांबीइतकी खोली. आजच्या मापात साधारण २५ ते ३० सें.मी. याच खोलीला तिकडे 'स्पिट' असंही म्हणतात. 'ग्राफ्टिंग टूल' नावाचं अवजार तिथे आजही विकत मिळतं. त्याचं पातं अरुंद, लांब आणि किंचित वाकलेलं असतं. चिकणमातीत नाली खणायला ते घेतात, कारण रुंद पातं चिकणमातीत रुततं आणि उचलताना माती सोडत नाही. हा शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन भाषेतल्या खणण्याच्या शब्दाच्या कुळातला. जर्मनमध्ये खणण्याला 'ग्राबेन' म्हणतात, इंग्रजीत थडग्याला 'ग्रेव्ह', कोरण्याला 'एन्ग्रेव्ह'. सगळी एकाच घरची भावंडं. अ‍ॅम्स्टरडॅमच्या कालव्यांना डच लोक 'ग्राख्त' म्हणतात तेही हेच, फक्त डच भाषेत जुन्या 'फ्त'चा 'ख्त' झाला. जर्मन 'क्राफ्ट' म्हणजे ताकद, डच 'क्राख्त'. जर्मन 'लुफ्ट' म्हणजे हवा, डच 'लुख्त'. त्याच नियमानं 'ग्राफ्त'चा 'ग्राख्त' झाला. थोडक्यात, खणलेली जागा.

'ग्रेव्ह' शब्दाचा दुसरा अर्थ 'गंभीर' असाही होतो, तो मात्र या घरचा नाही. तो लॅटिन 'ग्राविस' म्हणजे जड यातून आला आणि आपल्या 'गुरु' शब्दाचा नातलग आहे.

खणण्यापासून मेहनतीपर्यंत शब्द कसा पोचला? मोठे कोश इथे 'बहुधा' लिहितात, आणि ते योग्यच आहे, पण सांधा दिसतो. १८५९ साली लंडनमध्ये छापलेल्या एका बोलीकोशात 'ग्राफ्ट' हे क्रियापद 'काम करणं' या अर्थानं नोंदलेलं आहे. त्याआधीची शंभरेक वर्षं ब्रिटनमध्ये कालवे आणि मग रेल्वेमार्ग खणण्यात गेली होती. कालव्यांना तेव्हा 'नॅव्हिगेशन' म्हणत, म्हणून ते खणणाऱ्या मजुराला 'नॅव्ही' हे नाव पडलं. दिवसभर ग्राफ्टमागून ग्राफ्ट माती उपसणारा हा माणूस. ज्यानं माप मोजायचं तेच कामाचं नाव झालं, यात नवल नाही. त्याच सुमारास, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. ते ३४ किलोमीटर रूळसुद्धा कुणीतरी माती उपसून, भराव घालूनच टाकले होते.

आपल्याकडेही मातीकामात माप आणि कष्ट एकमेकांना चिकटलेले असतात. विहिरीची खोली परसात सांगतात. परस म्हणजे हात वर करून उभा असलेला पुरुष. म्हणजे खोलीचं मापच माणसाच्या अंगाचं. ठाणे-नवी मुंबईच्या बांधकामावर माती, रेती, खडी ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच ढीग. 'दिवसाला किती ब्रास?' हा प्रश्न मापाचा दिसतो, पण तो विचारला जातो कष्टासाठीच. इंग्रजीतल्या 'ग्राफ्ट'नं नेमका हाच प्रवास पुरा केला.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कष्टाचे बहुतेक शब्द दुःखातून जन्मलेले असतात. 'कष्ट' म्हणजे मुळात पीडा. 'मेहनत' अरबीतून फारसीमार्गे आली आणि तिथे तिचा अर्थ कसोटी, संकट. 'श्रम' या धातूचा अर्थ थकणं. युरोपातही तसंच. इंग्रजी 'ट्रॅव्हेल', म्हणजे कष्ट किंवा वेणा, हा तीन खांबांच्या छळयंत्राच्या लॅटिन नावावरून आला. 'टॉइल' हा ऑलिव्ह चिरडण्याच्या घाण्याच्या लॅटिन नावापासून निघाला. 'ग्राफ्ट'च्या मुळाशी मात्र दुःख नाही, अवजार आहे आणि एका दमाचं माप आहे. म्हणूनच त्यात कण्हणं कमी आणि अभिमान जास्त ऐकू येतो. असा मराठी शब्द शोधायचा तर 'माथाडी' आठवतो. माथ्यावरून ओझं वाहतो तो माथाडी. कामाचं नाव शरीराच्या अवयवावरून पडलं आणि १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्याला कायद्यातही मान मिळाला.

आता दुसरा 'ग्राफ्ट', नर्सरीतला. हा शब्द खणण्याचा नाही, लिहिण्याचा आहे. ग्रीकमध्ये 'ग्राफीन' म्हणजे लिहिणं. लिहायच्या टोकदार काडीला 'ग्राफेइऑन', लॅटिनमध्ये 'ग्राफिउम', जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्राफ'. झाडात खोचायची फांदी तिरकी छाटून टोकदार केली की ती त्या लेखणीसारखी दिसते, म्हणून तिलाच ते नाव मिळालं. इंग्रजीत आधी हा शब्द 'ग्राफ' असाच होता. शेवटचा 'ट' नंतर चिकटला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येसुद्धा ऑलिव्हच्या फांदीबद्दल 'ग्राफ्ड' असं रूप आहे. फ्रेंचमध्ये आज 'ग्रेफ' म्हणजे झाडाचं कलम, आणि कोर्टातलं दप्तर ठेवायची कचेरी तीही 'ग्रेफ'.

मराठी वाचकाला इथे लगेच ओळख पटायला हवी. आपला 'कलम' शब्द हुबेहूब याच वाटेनं चाललाय. मुळात अरबी 'कलम' म्हणजे बोरूची लेखणी, आणि तोही ग्रीक 'कालामोस' म्हणजे बोरू या शब्दापर्यंत जातो. मराठीत कलम म्हणजे लेखणी, आंब्याचं कलम आणि कायद्याचं कलमही. फ्रेंच 'ग्रेफ'मध्ये लेखणी, झाड आणि कोर्ट एकत्र आले, मराठी 'कलम'मध्येही तेच तीन एकत्र आले, आणि दोन्ही भाषांनी एकमेकींना विचारलेलंसुद्धा नाही. कलमी शोऱ्यातला 'कलमी' तोच. त्या शोऱ्याचे खडे काड्यांसारखे लांबट असतात.

मग 'ग्राफीन' म्हणजे कोरणं-लिहिणं आणि 'ग्राबेन' म्हणजे खणणं, हे दोन्ही मुळात एकच नाहीत का? दिसतात तसे, आणि इथे भलेभले फसतात. तपासायची रीत सोपी आहे. ग्रीकमधला 'ग' इंग्रजीच्या कुळात 'क' होतो. ग्रीक 'गोनु', संस्कृत 'जानु' आणि इंग्रजी 'नी', म्हणजे गुडघा. या 'नी'च्या स्पेलिंगमधलं सुरुवातीचं अक्षर आज मुकं असलं तरी पूर्वी त्याचा 'क' उच्चारत. उलट इंग्रजीतल्या 'ग'समोर ग्रीकमध्ये 'ख' येतो आणि संस्कृतात 'ह'. इंग्रजी 'गूज', ग्रीक 'खेन', संस्कृत 'हंस'. या हिशेबानं ग्रीक 'ग्राफीन'चा इंग्रजी नातलग 'क'नं सुरू व्हायला हवा, आणि तो आहेच: 'कार्व्ह', म्हणजे कोरणं. 'ग्रेव्ह' आणि मेहनतीचा 'ग्राफ्ट' मात्र 'ग'नं सुरू होतात, म्हणून ते त्या घरचे नाहीत. ग्राफ, टेलिग्राफ आणि आंब्याचा ग्राफ्ट हे एक कुटुंब. खणणं, थडगं आणि मेहनत हे दुसरं.

कलमाचं थोडं अधिक सांगावं लागेल, कारण भाषांतरात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मराठी 'कलम' इंग्रजी 'ग्राफ्ट'पेक्षा मोठा शब्द आहे. ग्राफ्टमध्ये दोन वेगळ्या रोपांचे भाग जोडलेले असावेच लागतात: खालचा खुंट आणि वरची कलमकाडी. छाट कलमात नुसती फांदी छाटून मातीत लावतात, ते इंग्रजीत 'कटिंग'. गुटी कलमात फांदीची साल काढून ओलं शेवाळ बांधून तिथेच मुळं फोडतात, ते 'एअर लेअरिंग'. ही दोन्ही मराठीत कलमंच, पण इंग्रजीत ग्राफ्ट नव्हेत. दुसऱ्या झाडाचा एकच डोळा, म्हणजे अंकुर, खुंटावर भरला तर 'बडिंग'. कोय कलम, भेट कलम, पाचर कलम, मृदकाष्ठ कलम ही खरी ग्राफ्ट. डाळिंबाच्या गुटी कलमांच्या माहितीपत्रकात 'ग्राफ्ट' लिहिलं, तर इंग्रजी वाचणारा गिऱ्हाईक 'खुंट कुठला?' असं विचारणार.

कोय कलमाचं उदाहरण घ्या, म्हणजे शब्दातला सांधा डोळ्यांसमोर येईल. पावसाळ्याच्या तोंडाशी आंब्याच्या कोयी रुजवतात. रोप १० ते १५ दिवसांचं, पानं अजून तांबूस आणि खोड कोवळं असतानाच कोयीपासून ६ ते ८ सें.मी. वर छाटतात. उरलेल्या खोडाला मधोमध ४ ते ५ सें.मी. उभी चीर देतात. कलमकाडी हवी त्या जातीच्या झाडाची, तीन-चार महिने वयाची, १० ते १५ सें.मी. लांब आणि खुंटाइतकीच जाड घेतात. आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटलेली असतात, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतात. इथेच तिचा बोरू होतो. पाचर चिरेत बसवून दीड-दोन सें.मी. रुंद प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधतात. जमलं तर दोन-तीन आठवड्यांत शेंडा फुटतो.

फसतं ते ठरावीक कारणांनी. सालीखालचा वाढीचा पातळ थर दोन्हीकडचा एकमेकांना भिडला नाही तर जोड धरत नाही. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर निदान एका बाजूची साल तरी जुळवावीच लागते. पट्टी सैल राहिली तर पाणी शिरून बुरशी येते. जोड धरल्यावरही खुंटाला जोडाखालून फूट आली आणि ती वेळेवर काढली नाही, तर रायवळ जोर धरतं आणि हापूस मरतो. नारळाला किंवा केळीला वाढीचा हा गोल थरच नसतो, म्हणून त्यांचं ग्राफ्ट होत नाही. शस्त्रक्रियेतला 'स्किन ग्राफ्ट' आणि बायपासमधला 'ग्राफ्ट' हे याच झाडाच्या अर्थातून आले. एका ठिकाणचा जिवंत तुकडा दुसऱ्या ठिकाणी जोडायचा आणि तो तिथे जगला पाहिजे. मराठीत तिथे 'कलम' लिहू नका. 'त्वचारोपण' हा शब्द चांगला रुळलाय.

लाचेचा 'ग्राफ्ट' अमेरिकेत १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. एक मत असं की तो झाडाच्या ग्राफ्टवरून आला: दुसऱ्याच्या खोडावर बसून त्याचा रस पिणारी फांदी. मराठी माणसाला हे चित्र नवं नाही, आपण त्याला बांडगूळ म्हणतो. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर मात्र ही उपमा अन्यायाची आहे. कलम स्वतःच्या पानांत अन्न तयार करून खालच्या मुळांना पोसतं, बांडगूळ पोसत नाही. दुसरं मत असं की तो मेहनतीच्याच अर्थातून फिरला. बोलीभाषेत 'तुझं ग्राफ्ट काय?' म्हणजे 'तुझा धंदा काय?' आणि चोरांनीही आपल्या उद्योगाला तेच नाव दिलं. आपल्याकडे 'धंदा' शब्दाला आलेला काळा रंग आठवला की हेही पटतं. मला दुसरं मत अधिक सरळ वाटतं, कारण त्यात एका बोलीतून शेजारच्या बोलीत एवढीच उडी आहे. न्यूयॉर्कचा राजकारणी जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट यानं तर २० व्या शतकाच्या सुरुवातीला 'ऑनेस्ट ग्राफ्ट' आणि 'डिसऑनेस्ट ग्राफ्ट' असे दोन प्रकार करून पहिल्याचं उघड समर्थन केलं. शहर कुठली जमीन घेणार हे आधी कळलं की ती आपण घेऊन ठेवायची, हे त्याच्या मते 'प्रामाणिक'. सातबाऱ्यावर नजर ठेवून राहणाऱ्या नवी मुंबईला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

भारतातल्या इंग्रजी पेपरांना हा अर्थ आवडतो, कारण 'करप्शन'ची दहा अक्षरं मथळ्यात मावत नाहीत, 'ग्राफ्ट'ची पाच मावतात. कायद्याच्या मजकुरात मात्र हा शब्द वापरायचा नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर 'अनड्यू अ‍ॅडव्हान्टेज' ही संज्ञा आहे. मथळा मराठीत आणताना 'ग्राफ्ट'साठी 'लाचखोरी' लिहावं, आणि रक्कम छोटी म्हणून 'चिरीमिरी' लिहू नये, कारण त्यानं गुन्हा हलका होतो.

आता वापर. मेहनतीचा 'ग्राफ्ट' मोजता येत नाही, म्हणून त्याच्याआधी 'अ' लागत नाही. 'अ हार्ड ग्राफ्ट' चूक, 'हार्ड ग्राफ्ट' किंवा 'अ लॉट ऑफ हार्ड ग्राफ्ट' बरोबर. झाडाचा आणि शस्त्रक्रियेचा मोजता येतो, म्हणून 'अ ग्राफ्ट', 'टू ग्राफ्ट्स'. लाचेचा पुन्हा मोजता येत नाही. आधी 'हार्ड' किंवा 'शीअर' असेल तर जवळपास नक्की मेहनत. सोबत 'केस', 'चार्जेस', 'प्रोब' असेल तर लाच. 'ऑन टू' असेल तर जोडकाम.

सर्वांत धोक्याचा शब्द 'ग्राफ्टर'. ब्रिटनमध्ये 'शी इज अ रिअल ग्राफ्टर' ही शाबासकी आहे. अमेरिकेत तोच माणूस लाचखोर ठरतो. म्हणून बायोडेटात 'हार्ड ग्राफ्टर' कधीही लिहू नका, तो वाचणारा ह्यूस्टनचा आहे की मँचेस्टरचा हे तुम्हाला ठाऊक नसतं. अमेरिकन क्लायंटच्या मेलमध्ये 'हार्ड वर्क' पुरे. ऑस्ट्रेलियात 'हार्ड ग्राफ्ट' चालतं, आणि त्याच्या जोडीला तिथला खास 'हार्ड याका' आहे, जो ब्रिस्बेनच्या परिसरातल्या मूळ रहिवाशांच्या यागरा भाषेतून आला. ब्रिटनच्या तरुणांच्या बोलीत तर आजकाल एखाद्याचं मन जिंकायला केलेल्या खटपटीलाही 'ग्राफ्टिंग' म्हणतात. तो अर्थ ऑफिसात आणू नये.

मराठीत काय म्हणायचं हे काम पाहून ठरवावं. वाशीच्या मार्केटात हापूसच्या पेट्या उतरवणाऱ्यांसाठी 'हार्ड ग्राफ्ट' म्हणजे 'अंगमेहनत', आणि दिवसभर चालली तर 'ढोरमेहनत'. आयुष्यभर तेच करत राहिलेल्यासाठी 'काबाडकष्ट'. पण त्यात करुणा येते, इंग्रजी शब्दात ती नाही, म्हणून कौतुकाच्या वाक्यात 'काबाडकष्ट' जड होतं. संगणकासमोर बसून केलेल्या कामाला 'अंगमेहनत' खोटं वाटेल. तिथे 'मेहनत', 'खपणं', 'राबणं', 'घाम गाळणं' यांतलं क्रियापद घ्यावं. नामापेक्षा क्रियापदातच मराठीचा जोर उतरतो. 'परिश्रम' सत्काराच्या मानपत्रासाठी ठेवा. 'कठीण कलम' हे शब्दशः भाषांतर तर कुणालाच कळणार नाही.

या मेलचं मराठी म्हणून असं होईल: 'मायग्रेशनसाठी तुम्ही सगळे जे राबलात, त्याबद्दल मनापासून आभार.' उत्तरात त्यांचाच शब्द परत करायला हरकत नाही, ब्रिटिश माणसाला ते आवडतं: 'थँक यू, द टीम रिअली पुट द ग्राफ्ट इन.' तो मेल अमेरिकेच्या ऑफिसलाही सीसी असेल, तर मात्र 'ग्राफ्ट'च्या जागी 'वर्क' लिहा.